पान टोचलेलं बीळ

२०२३ साल. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. पनवेलकडच्या नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या टेपाच्या वाडीत, एका बुधवारी सकाळी चिंगी ओढ्यात उतरली आणि दरडीतल्या एका बिळाखाली तिने पान टोचलं. कुड्याचं हिरवं, कुठेही किडीने न खाल्लेलं पान आणि त्यातून आरपार करवंदीचा काटा. टोचून झाल्यावर तिने हात धुतले, खोचलेलं लुगडं सोडलं आणि वर येऊन आडोशापाशी उकिडवी बसली.

तिची सून सोनम चहाची किटली घेऊन खाली येत होती. पान दिसताच ती वाटेतच थांबली.

"आये, आजच टोचलंस? शेटची मान्सं येनार हायत धा वाजता. पुन्याची."

"येऊ दे. चहा प्यायची, लांबून बघायची, घरी जायची."

"ती काय लांबून बघायला येत नाय."

"मंग मी काय करू? पिल्लं तोंडाशी आलीत," चिंगी म्हणाली आणि तिने किटलीकडे हात केला. त्या बाबतीतलं बोलणं तिच्या बाजूने संपलं होतं.

चिंगी तेव्हा पंचावन्न-छप्पन्नची असेल. कातकऱ्यांच्या वाडीत जन्मतारीख कोण लिहून ठेवणार. पण ज्या हिवाळ्यात भूकंपाने घराघरांतली भांडी हलली, त्या हिवाळ्यात ती पाळण्यात होती असं तिची आई सांगायची. काळी, काटक, बुटकी बाई. उजव्या हातावर कोपरापर्यंत पांढरे बारीक वण. ते चिंबोऱ्यांचे. पावसाळा लागला की वाडीतल्या बायका ओढ्याकाठी चिंबोऱ्या धरायला निघतात. दरडीतल्या बिळात खांद्यापर्यंत हात घालायचा, आत बसलेली चिंबोरी बोटांनी चाचपायची, नांगी चुकवून तिला पाठीवर धरायची. डोळ्यांचं त्यात काही काम नाही. हाताला कळावं लागतं. चिंगीच्या हाताला बीळ साप असलेलं आहे की रिकामं, हे मनगट आत जायच्या आधी कळायचं.

आणि त्यात एक रीत होती. पोटाखाली पिल्लं घेऊन बसलेली चिंबोरी हाताला लागली, तर तिला सोडायचं. हात रिकामा बाहेर काढायचा आणि बिळाखाली कुड्याचं पान टोचायचं, म्हणजे मागून येणारी बाई तिथे हात घालणार नाही. ही रीत कोणी घातली ते वाडीत कोणाला ठाऊक नव्हतं. पण एकमेकींची तोंडंही न बघणाऱ्या दोन जावा असल्या, तरी एकीने टोचलेलं पान दुसरीने मोडल्याचं चिंगीने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्याच दरडीत एक पाखरूही बीळ करायचं. मुठीत मावेल एवढं. पोट पिवळं, पाठ निळी-जांभळी, डोकं नारिंगी, चोच आणि पाय लाल. ओढ्यावरून असं सरकन जायचं की दिसलं म्हणेपर्यंत नाही. वाडीत त्याला ठिणगी म्हणत. पुस्तकात त्याचं नाव तिबोटी खंड्या आहे आणि ते बघायला लोक लांबून येतात, हे वाडीला २०२१ साली कळलं. नव्या पनवेलच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या वल्लरीबाई त्या पावसाळ्यात छत्री घेऊन वाडीत आल्या होत्या. मोबाइलवरचं चित्र त्यांनी बायकांपुढे धरलं आणि विचारलं, हा पक्षी कोणी पाहिलाय का? बायका हसायलाच लागल्या. चिंगी म्हणाली, "ह्याला काय बघायचं? आमच्या चिंबोऱ्यांच्या शेजारी ऱ्हातो." वल्लरीबाई त्याला दोन वर्षं शोधत होत्या. चिंगीने त्यांना ओढ्यात नेलं, शेजारी शेजारी असलेली दोन बिळं दाखवली आणि सांगितलं, हे चिंबोरीचं, हे ठिणगीचं. ठिणगीच्या बिळाच्या तोंडाशी दोन रेघा असतात, आत जाता येता पाय घासल्याच्या. मधली माती उंच. वल्लरीबाईंनी ते वहीत उतरवून घेतलं, चिंगीच्या नावासकट.

तिथून सगळं बदलत गेलं. पाठोपाठ कॅमेरेवाले आले. दरड होती नेऱ्याच्या हरेश शेटच्या जमिनीत. हरेशचं घराणं मूळचं भातशेतीचं. जमिनीचे भाव चढले तसे त्याने काही तुकडे विकले आणि उरलेल्यावर फार्महाउस बांधलं. पावसाळ्यात तिथे दारू पिऊन धिंगाणा घालणारी पोरं यायची. हरेशची आई जिवंत होती तोवर तोंडाला पदर लावून त्या बाजूला बघायचीही नाही. आता त्याच खोल्यांत पहाटे उठणारी, हळू बोलणारी, बूट बाहेर काढून आत येणारी माणसं उतरू लागली. हरेशने वाडीला सांगितलं, पाखरू तुम्ही शोधा, पाहुणे मी आणतो. मग चिंगीच्या मुलाने, दत्ताने, बांबू आणि हिरवी जाळी लावून ओढ्याच्या काठी आडोसा बांधला, म्हणजे माणसं आत लपून बसली तरी पाखराला दिसू नयेत. सोनम नाचणीच्या भाकऱ्या आणि चिंबोरीचा रस्सा रांधू लागली. कोणी ओझी उचलायचं, कोणी नेऱ्याहून मिनिडोर रिक्षाने पाहुणे आणायचं, कोणी रानभाजीच्या जुड्या बांधून द्यायचं. पावसाळ्याचे चार महिने वाडीला घरबसल्या काम मिळालं.

बाहेरच्याला यात मोठं काही वाटणार नाही. पण टेपाच्या वाडीत पावसाळाभर पोटासाठी वीटभट्टीवाल्याची उचल घ्यावी लागायची आणि दिवाळी झाली की ती फेडून घ्यायला भट्टीचा ट्रक यायचा. माणसं, पोरं, कोंबड्या, पातेली त्यात चढायची. दारांना तार गुंडाळायची. ती तार सुटायची थेट जेठात. मधल्या सात महिन्यांत वाडीत म्हाताऱ्या माणसांखेरीज कोणी नसायचं आणि शाळेच्या हजेरीपटात सगळ्या वाडीपुढे एकच रेघ ओढलेली असायची. २०२२ च्या दिवाळीत पहिल्यांदा चार दारांना तार लागली नाही. त्यात सोनमचं दार होतं. तिच्या पोरीची पहिली इयत्ता त्या वर्षी जूनपासून एप्रिलपर्यंत सलग झाली. वाडीत असं मूल ते पहिलंच. चिंगी कोणापाशी बोलली नाही, पण पोरीची पाटी तिने चुलीवरच्या फळीवर, देवाच्या शेजारी ठेवली होती.

तर त्या बुधवारी दहा वाजता पाहुणे आले. पाच जण. त्यांचा म्होरक्या सत्यजीत नावाचा, दाढी राखलेला, हळू बोलणारा माणूस. सोबत हरेश आणि वल्लरीबाई. पावसाची बारीक रिपरिप चालू होती. आडोशात स्टुलांवर बसून त्यांनी कॅमेरे लावले. ठिणगीची जोडी तोंडात पाली, बेडकांची पिल्लं धरून येत होती, बिळात शिरत होती. आतून पिल्लांचा आवाज आला, आणि एकदा तर बिळाच्या अंधारात एक चोच हलताना दिसली.

मग कुरबुर सुरू झाली. दरडीच्या कडेवरून नेचे लोंबत होते आणि त्यांची पानं नेमकी बिळाच्या तोंडाआड येत होती. एकाने हरेशला बाजूला घेऊन सांगितलं की एवढे पैसे खर्चून आलो, पिल्लू बाहेर येईल तेव्हा फ्रेममध्ये गवत नको. दुसरा म्हणाला, आडोसा चार हात पुढे घ्या. हरेशने दत्ताकडे बघितलं. दत्ताने आईकडे बघितलं. चिंगी म्हणाली, आज नाही. आज पान टोचलंय. आज आणि पिल्लं उडेपर्यंत कोणी खाली उतरायचं नाही, आडोसाही मागेच घ्यायचा.

"कंचा पान?" हरेश म्हणाला. "चिंगे, ती चिंबोरीची रीत. ह्ये पाखरू हाय."

"पिल्लं ती पिल्लं, शेट."

हरेश मूळचा वाईट माणूस नव्हता. पण पाहुण्यांसमोर एका मजूर बाईने नाही म्हणावं, हे त्याच्या अंगवळणी नव्हतं. त्याने दत्ताच्या कमरेचा कोयता मागून घेतला आणि पाहुण्यांकडे बघत हसून म्हणाला, दोन मिनिटांत साफ करतो. तो उतरायला लागला तशी चिंगी उठली आणि वाटेत उभी राहिली. तिची उंची त्याच्या छातीएवढी.

"थांबा शेट. वायच ऐका. मागच्या साली हितं साप आला नव्हता."

वल्लरीबाईंनी मान वर केली. आदल्या वर्षी, २०२२ च्या ऑगस्टात, याच दरडीतलं ठिणगीचं घरटं अर्ध्यात मेलं होतं. चिंगीने सगळ्यांना सांगितलं होतं की सापाने पिल्लं खाल्ली. वल्लरीबाईंनी ते वहीत लिहिलं होतं, दोन ठिकाणी व्याख्यानांतही सांगितलं होतं. खरं काय ते फक्त सोनमला ठाऊक होतं.

"मी साप बोलले," चिंगी म्हणाली. ती हरेशकडे नाही, वल्लरीबाईंकडे बघत होती. "साप नव्हता. आसाच नेचा व्हता. एक सायेब बोलला, आड येतं, कापा. मी कापला. ह्याच कोयत्यानं. मुळ्या पन ओढून काढल्या, साफ दिसावं म्हनून. त्या मुळ्यांनी दरडीचा ओठ धरला व्हता. दोन दिसांनी ओठ खाली बसला नि चिखलानं तोंड बुजलं."

"पण तुम्ही तर रोज बघायला येत होतात ना, मावशी?" वल्लरीबाईंनी विचारलं.

"येत व्हते. बुजलेलं बघितलं पन. मना काय वाटलंच नाय. चिंबोरीचं बीळ पावसात धा येळा बुजतं, ती आतून उकरून येते. माझ्या डोक्यात तेच. मी बोलले, येल बाहेर. दुसऱ्या दिशी हात घातला." तिने उजवा हात जरा पुढे केला आणि परत घेतला. "चार व्हती. गार. तिकडं कुड्याखाली पुरलीत."

पलीकडच्या फांदीवर ठिणगी तोंडात पाल धरून बसली होती आणि माणसांमुळे खाली यायला कचरत होती. इतकी वर्षं चिंगीच्या हाताला चूक ठाऊक नव्हती. ओढ्यातलं काहीही असो, चिंगीला विचारा, असं नेऱ्यापर्यंत लोक म्हणत. ते नाव तिने स्वतःच्या तोंडाने, पाच परक्या माणसांसमोर खाली ठेवलं.

सत्यजीत उठला. त्याने कॅमेऱ्यावर पिशवी घातली आणि ट्रायपॉड मिटला. "हरेशभाऊ, कोयता द्या त्यांना परत," तो म्हणाला. "मला हा फोटो नको."

पण बाकीच्यांना हवा होता. त्यांच्यात आपापसांत वाजलं. दोघे तिथूनच गाडीकडे गेले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी मोबाइलवर लिहून टाकलं की टेपाच्या वाडीला जाऊ नका, तिथली बाई अडवणूक करते. दोन दिवसांत हरेशच्या खोल्यांची ठरलेली माणसं फिरली. शनिवारी तो बांधावर उभा राहिला आणि ओढ्याच्या पलीकडून चिंगीला म्हणाला, "जमीन माजी, दरड माजी. तुजा पान पन माज्याच मातीत टोचलास. उद्यापासून वाडीतल्या कोनी ह्या बाजूला पाय ठेवायचा नाय."

त्याच दिवशी पिल्लं उडाली होती. वाडीच्या बाजूच्या खडकावर इरली डोक्यावर घेऊन सासूसुना बसल्या होत्या. पहिलं पिल्लू बिळाच्या तोंडाशी येऊन बराच वेळ विचार करत बसलं. त्याची चोच अजून नीट लाल झाली नव्हती. मग ते पडल्यासारखं निघालं आणि पाण्याला लागायच्या आत सावरलं. मागोमाग दुसरं, तिसरं. चौथ्याला दुपार झाली. कोणी फोटो काढला नाही. सोनमने बोटांवर चार मोजले आणि सासूकडे बघून हसली. इतकंच.

त्याचं मोल दिवाळीनंतर द्यावं लागलं. भट्टीचा ट्रक आला तेव्हा वाडीतल्या एकाही घराला नाही म्हणायची ऐपत राहिली नव्हती. दत्ता आईला एका शब्दाने बोलला नाही. त्याने दारासमोरची पातेली उचलली, सोनमने पोरीला उचललं. पोर दुसरीत होती. तिने पाटी बरोबर घ्यायचा हट्ट केला. चिंगीने फळीवरची पाटी काढून दिली. देवाशेजारी पाटीएवढी जागा मोकळी राहिली.

"आये, चूल इझू देऊ नको," दत्ता ट्रकमधून म्हणाला.

वाडीतल्या बायकांचं काय, त्या बोलल्याच. एका पाखरापायी सगळ्यांच्या दारांना तार लावली, असं एक जण चिंगीच्या तोंडावर बोलून ट्रकमध्ये चढली. चिंगीने तिची कोंबड्यांची टोपली वर चढवून दिली.

तो हिवाळा आणि तो उन्हाळा तिने एकटीने काढला. दुपारी ओढ्यावर जाऊन बसायची. हरेशच्या बाजूला गवंडी आले होते. त्याने दरड तासून सरळ केली, खाली उतरायला सिमेंटच्या पायऱ्या केल्या, बांबूचा आडोसा काढून पत्र्याचा केला आणि पुढे कुंड्या ठेवल्या. पनवेलहून एक पगारी माणूस नेमला. चिंगी हे सगळं खडकावरून बघत होती. वाडीच्या बाजूलाही दरड होती, पण बकऱ्या चढून उतरून ती बोडकी झाली होती. चिंगीने करवंदीच्या फांद्या तोडून आणल्या आणि त्या दरडीच्या माथ्यावर कुंपण घातलं. एवढंच केलं. दरड तासली नाही, बीळ कोरलं नाही. पाखराला कोणी घर बांधून देत नसतं, हे तिला कळत होतं. बकऱ्या अडल्या तर काय होतं ते बघू, इतकाच तिचा विचार. वैशाखात ओढा आटला. नेच्यांची मुळं वाळली नव्हती. जेठात माणसं भट्टीवरून परतली तेव्हा कुंपणाआड नेच्यांचे कोवळे कोंब वळून वर आले होते.

२०२४ च्या जूनमध्ये ठिणगी आली. तीन दिवस ती हरेशच्या पत्र्याच्या टोकावर बसून तासलेल्या दरडीकडे बघत राहिली. चौथ्या दिवशी ती तिथे दिसली नाही. हरेशच्या पगारी माणसाने खाली उतरून सगळी बिळं तपासली आणि चिंबोऱ्यांनी त्याची बोटं फोडली.

आणखी आठ दिवसांनी चिंगीला वाडीच्या बाजूच्या दरडीखाली, एका दगडावर, चिमूटभर ताजी माती पडलेली दिसली. ती वाकली. नेच्याआड बीळ होतं. तोंडाशी दोन रेघा, मधली माती उंच. ती कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली. हात तिने पुढे केला नाही. घरी येऊन सोनमला म्हणाली, "सोने, कुड्याचं पान आन. चांगलं बघून आन."

हरेश जुलैत आला. एकटा, छत्री घेऊन. वाडीत तो कधी चढून आला नव्हता. त्याला काही हवं असलं की निरोप यायचा. चिंगीने त्याला ओसरीवर बसायला गोणपाट दिलं. सोनमने कोरा चहा आणला. तो पिऊन होईपर्यंत दोघं पावसाचं, आवणीचं म्हणजे भाताच्या लावणीचं बोलली. मग त्याने पेला खाली ठेवला.

"चिंगीबाय, पाखरू कुठं गेलाय?"

आधी त्याने तिला चिंगे म्हणूनच हाक मारली होती. सोनमने चुलीपाशी मान वळवली.

"तुज्या दरडीला आता मुळ्या नायत, शेट. त्या सिमिटात ते काय खोदनार?"

"मी पैसा घातला तिकडं."

"घातलास खरा."

"मंग आता?"

चिंगीने पाय पोटाशी घेतले. हे बोलणं तिने उन्हाळाभर खडकावर बसून मनात कितीदा बोलून बघितलं असेल. पण आवाज तिचा रोजचाच होता. "आता पाखरू आमच्या बाजूला हाय. मान्सं तुज्याकडं झोपतील, आमच्या हातचं जेवतील. आडोसा दत्ता बांधल, तो बोलल तितक्या लांब. आनि पान टोचलं का पानी प्यायला पन कोनी खाली उतरायचं नाय. तू पन नाय."

"गिऱ्हाईक बोंबलला तर?"

"बोंबलू दे. पाखरू राह्यलं तर पुढच्या साली परत येल. पाखरू गेलं तर तू कोनाला झोपवशील? त्या दारूवाल्यांना?"

हरेश खाली बघून हसला. त्याची आई सांगायची, तो म्हणाला, की आवणीला चिंगीला शेताचा कोपऱ्यातला तुकडा द्यावा आणि निघून यावं, मागे उभं राहायला लागत नाही. "तवा मना वाटाचा, आय उगाच बोलते."

"तुजी आय शानी व्हती," चिंगी म्हणाली. "ल्हानपनी तुला पान्यात पडताना दोनदा मी धरलाय, ह्ये पन तिनं सांगितला आसल."

तो उठला. फार्महाउसची जवळची वाट दरडीखालून, दगडांवरून जाते. तो तिथवर गेला, नेच्याखाली टोचलेलं पान त्याला दिसलं, आणि छत्री सावरत तो माघारी फिरला. वरच्या बांधावरून, चिखलातून, लांबच्या वाटेने गेला. चिंगी आणि सोनम ओसरीवरून बघत होत्या.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर असं. सत्यजीत त्याच वर्षी परत आला, बायको आणि म्हाताऱ्या वडिलांना घेऊन. त्याने काढलेला फोटो हरेशच्या दारात लावलेला आहे. त्यात अर्धं पाखरू नेच्याआड आहे आणि सगळ्यांना तेच आवडतं. वल्लरीबाईंनी वहीतला साप खोडला आणि पुढे खरं कारण लिहिलं. त्यांच्या कॉलेजातली मुलं दरवर्षी येतात, तेव्हा मुळ्यांनी धरलेला दरडीचा ओठ त्या चिंगीला समजावून सांगायला लावतात, तिच्या चुकीसकट. चिंगी सांगते. हरेशच्या तासलेल्या दरडीत पुन्हा पाखरू आलं नाही. त्याने पत्रा काढला, कुंड्या वाडीला देऊन टाकल्या, पायऱ्या मात्र तशाच आहेत. त्यांवर आता शेवाळ धरलंय. दत्ता आडोसे बांधायला आता इतर गावांतही जातो. आपटा गावच्या लोकांनी त्याला दोनदा नेलं. वाडीच्या जेवणाचा कारभार सोनम बघते. ट्रकमध्ये चढताना चिंगीला बोललेली बाईच तिच्या हाताखाली भाकऱ्या थापते. पोर चौथीत गेली. पाटीची जागा वह्यांनी घेतली आहे, त्या फळीवर मावत नाहीत.

चिंगीचे गुडघे धरले आहेत. ती ओढ्यात उतरत नाही. पान सोनम टोचते, पण निवडून देते चिंगी. मांडीवर आठ-दहा पानं घेऊन ती एकेक उजेडात धरून बघते आणि किडीचं भोक नसलेलं एकच काढून देते.

२०२४ च्या दिवाळीनंतर भट्टीचा ट्रक आला होता. ड्रायव्हरने वाडीच्या तोंडाशी उभा करून दोनदा हॉर्न वाजवला. कोणी आलं नाही. तो उतरून आत आला. कुठल्याच दाराला तार नव्हती. घराघरांतून चुलीचा धूर निघत होता आणि पोरं शाळेत गेली होती म्हणून वाडी शांत होती. ओसरीवर एकटी चिंगी बसली होती. तिने त्याला बसवलं, चहा दिला. चहा पिता पिता त्याचं लक्ष दाराच्या खांबाकडे गेलं. तिथे कुड्याचं एक पान काट्याने टोचलेलं होतं. शेजारच्या दाराला होतं, त्याच्या पलीकडच्याही.

"हे काय लावलंय, मावशी?" त्याने विचारलं.

चिंगीने त्याचा रिकामा पेला हातात घेतला.

"आत पिल्लं हायत," ती म्हणाली.